वाहक काजळी

आमच्या घरात कोणी बसत नाही. खुर्च्या आहेत, एक सोफाही आहे, आणि त्याची गादी दुकानातून आली त्या दिवशी होती तितकीच आजही टणक आहे. पण बसायला माणसाच्या अंगात जो एक निवांतपणा लागतो, तो आमच्या घराण्यात नाही. माझे आजोबा जेवता जेवता उठून दाराची कडी पाहून यायचे. वडील, म्हणजे अण्णा, जमीन मोजणीच्या खात्यात होते, त्यामुळे त्यांचं चालणं निवृत्तीपर्यंत सरकारी कामात खपून गेलं. मी चहा उभ्यानेच पितो. बायको लग्न होऊन आली तेव्हा चांगली बसणारी होती, असं तिच्या माहेरचे अजूनही सांगतात. आता तीही ओट्याशी उभी राहून पेपर वाचते.

अण्णांना बसवू शकेल असा एकच जीव होता, आमचा सुभेदार. सुभेदार घुंबर होता. ज्यांनी घुंबर पाळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा प्राणी मांजरापेक्षा मोठा, केस लांब, पाय आखूड, आणि पोटातून सारखा घूं असा आवाज. त्याला एकच कला येते. माणूस बसला की तो येऊन त्याच्या पावलांवर बैठक मारतो आणि झोपतो. झोपलेल्या घुंबराखालून पाय काढून घेतला तर तो नुसता बघतो. काही करत नाही, नुसता बघतो. त्यानंतर आपल्याला दिवसभर कशात गोडी वाटत नाही, म्हणून कोणी पाय काढत नाही. आणखी एक. घुंबर लहानपणी एकदा ज्याचे पाय धरतो, त्याचेच जन्मभर धरतो.

सुभेदाराने अण्णांचे पाय धरले होते. त्याच्यामुळे अण्णा रोज सकाळ-संध्याकाळ जबरदस्तीने बसत, आणि तेवढा वेळ घराला विश्रांती मिळे. तो म्हातारा होऊन गेला आणि अण्णा जे उठले ते उठलेच. या खोलीतून त्या खोलीत, तिथून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात. उतू न जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करायचा. मी उघडलेली खिडकी लावायची, बायकोने लावलेली उघडायची. मी वाचत असलेल्या पेपरची माझ्या हातातच घडी घालायची. डॉक्टरांनी त्यांचे सुजलेले गुडघे दाबून पाहिले आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "असंच चालत राहिले तर काही दिवसांनी अजिबात चालता येणार नाही. काहीही करा, त्यांना बसवा."

हे सांगितलं की अण्णा म्हणायचे, "बसतो की. एवढं काम होऊ दे." काम कुठलं ते ते सांगत नसत.

आमच्याकडे सुभेदाराची मुलगी काजळी होती. पण तिने लहानपणीच बायकोचे पाय धरले होते. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईच्या पावलांवर ती दिवसभर पसरलेली असे, आणि बायको कमरेपासून वर वळून सगळा स्वयंपाक करत असे. म्हणजे अण्णांसाठी नवीन पिल्लू पाहिजे, हे उघड होतं. तिथेच मी थांबलो असतो तर ही कथा झाली नसती. कोणाकडूनही एक पिल्लू आणलं असतं आणि मोकळा झालो असतो.

पण एके दिवशी अण्णा माझ्यासमोरून चौथ्या की पाचव्या फेरीला जाताना स्वतःशीच पुटपुटले, "गळपट्टा कुठे दिसतच नाही आता."

मी हातातला पेपर खाली ठेवला. कारण सुभेदार अंगाने काळाभोर असला तरी गळ्याभोवती बोटभर रुंदीचा पांढराशुभ्र पट्टा होता. घुंबर पाळणारे त्याला गळपट्टा म्हणतात. काजळीला तो नव्हता. गावात कुठल्याच घुंबराला नव्हता. सगळीकडे काळेकुट्ट, नाहीतर पांढरे मोजे घातल्यासारख्या पायांचे. अण्णा घरभर काय शोधत फिरतात ते मला त्या क्षणी कळलं. मी ठरवलं, अण्णांना गळपट्टेवालंच पिल्लू द्यायचं.

मी छापखान्यात प्रुफं तपासतो. माझ्या हाताखालून सगळी विद्या जाते, फक्त थांबत नाही. पण योगायोगाने त्याच महिन्यात आनुवंशिकतेच्या पुस्तकाची प्रुफं माझ्याकडे होती, आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता विषय थोडा डोक्यात शिरला होता. त्या संध्याकाळी मी बायकोला समजावून सांगितलं. ती कणीक मळत होती, काजळी तिच्या पायांवर होती, म्हणजे पळून जायची सोय नव्हती.

"असं समज, की प्रत्येक खुणेच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून येते, एक बापाकडून. मोज्यांना एक चिठ्ठी पुरते. ती आली की मोजे दिसणारच. गळपट्ट्याला मात्र दोन्ही लागतात. एकच असली तर पिल्लू काळंच दिसतं, पण चिठ्ठी त्याच्या खिशात असते. पुढे ते ती देऊ शकतं. अशाला वाहक म्हणायचं. सुभेदाराकडे दोन्ही चिठ्ठ्या होत्या, त्यातली एक काजळीला मिळालीच असणार. म्हणजे आपली काजळी वाहक."

"म्हणजे तुमच्या घरचं न बसणं मोज्यांसारखं," बायको म्हणाली. "एका बाजूने आलं तरी पुरतं."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. "आता दुसरा वाहक शोधायचा. दोघं वाहक असले की चारात एक पिल्लू गळपट्ट्याचं."

"आणि चारही काळी निघाली तर?"

"पुस्तकात तसं चित्र नाही," मी म्हणालो.

आता वाहक नर शोधायचा म्हणजे काय, हे ज्याने शोधला त्यालाच ठाऊक. तो दिसायला बाकीच्या काळ्या नरांसारखाच काळा. रस्त्यात कोणाचा घुंबर दिसला की मी मालकाला गाठून विचारू लागलो, "याच्या आईच्या गळ्याला काही होतं का हो?" लोक बिचकून आपलं जनावर उचलून घेत. एका गृहस्थांनी तर पावलं झपाट्याने उचलत "गाठ नव्हती, काही नव्हतं, म्हातारपणाने गेली," असं लांबूनच सांगितलं.

इकडे तळमजल्यावरच्या वहिनींना बातमी लागली होती. वहिनींचा पुस्तकावर विश्वास नाही आणि सल्ल्याला तोटा नाही. "भाऊजी, नर कुठलाही आणा. मादीच्या नजरेसमोर सारखं पांढरं पाहिजे, मग पिल्लं पांढरी होतात. आमच्याकडे भिंतींना चुना दिला त्या वर्षी बघा." त्या वर्षी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात काजळीच्या चारही बाजूंना पांढरे टॉवेल वाळत घातलेले होते. बायकोला विचारलं तर म्हणाली, "असू देत. तुमच्या पुस्तकाला काय तोटा होणार आहे?" अण्णांनी फिरता फिरता टॉवेल काढून घड्या घातल्या. वहिनींनी येऊन पुन्हा लावले. हे बरेच दिवस चाललं.

नर शेवटी सापडला तो घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात. मी मनगटावरचं घड्याळ द्यायला गेलो होतो. काउंटरखाली घड्याळजींच्या पावलांवर एक काळा नर घूं करत झोपला होता, आणि वर भिंतीवर, टांगलेल्या घड्याळांच्या मधोमध, एक फोटो होता. फोटोत एक घुंबरी. गळ्याभोवती पांढरा पट्टा.

"ही याची आई?" मी विचारलं.

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग न काढता मान हलवली. दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत होती आणि मी त्या दोन हात रुंद जागेत येरझारा घालू लागलो. आईकडे दोन्ही चिठ्ठ्या, म्हणजे मुलाच्या खिशात एक आहेच. घड्याळजी म्हणाले, "जरा एका जागी उभे राहा. टेबल हलतं."

बोलणी झाली. घड्याळजी कमी बोलणारे. त्यांची एकच अट होती. पिल्लं मोठी झाली की पहिली निवड त्यांची, कारण त्यांचा नर आता थकला होता आणि दुकानात दुसरं जनावर पाहिजे होतं. मी आनंदाच्या भरात हो म्हटलं. त्या दिवसापासून ते मला आणि मी त्यांना व्याही म्हणू लागलो, आणि वहिनी जिन्यात विचारू लागल्या, "काय म्हणतायत व्याही? मानपान नीट चाललंय ना?"

आता उरला फक्त परवाना. घुंबरांची जोडी लावायची तर प्राणी नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते. मी अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, "मादीची खूण". खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलट-सुलट केला. "काळी आहे ना? मग 'निरंक' लिहा."

दुसऱ्या कोणी 'निरंक' लिहिलं असतं. पण मी प्रुफं तपासणारा माणूस. अचूक शब्द माहीत असताना चुकीचा छापू द्यायचा नाही, हे माझं आयुष्यभराचं ब्रीद. मी म्हणालो, "निरंक कसं? ती वाहक आहे."

"वाहक?"

"वाहक. नरही वाहक आहे."

"बरं," कारकून म्हणाला, आणि मी दोन्ही रकान्यांत, सुवाच्य अक्षरात, 'वाहक' असं लिहिलं. लिहिताना मला अभिमान वाटला हेही सांगून टाकतो.

काही दिवसांनी उत्तर आलं, ते परिवहन कार्यालयाकडून. आमचा अर्ज योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात आला होता. पत्रात म्हटलं होतं, "अर्जात दोन वाहक दर्शवले असून चालकाचा उल्लेख नाही. खुलासा करावा. तसेच उमेदवार काजळी यांनी वाहक पदाच्या शारीरिक तपासणीसाठी समक्ष हजर राहावे."

मी नोंदणी कार्यालयात धावलो. कारकून म्हणाला, "आमच्याकडून कागद गेला. आता तो परत आल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही." परिवहन कार्यालयात गेलो. तिथले साहेब सज्जन होते, हीच मोठी अडचण. रागावणारा माणूस असता तर अर्ज फेकून दिला असता. यांनी मला खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"साहेब, ती घुंबरी आहे."

"असेल. पण कागद वरून आलाय," साहेब म्हणाले. "नाकारायचा तर कारणमीमांसा लिहावी लागते, समिती बसवावी लागते. मंजूर करायचा तर एक सही. आणा तिला."

बायकोला पायांवरून काजळी उतरवायला अर्धा दिवस लागला. तिला टोपलीतून घेऊन गेलो. समोरच्या रांगेत खाकी कपड्यातले खरे उमेदवार उभे होते. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की इतकी वर्षं जपून ठेवलेली माझी अब्रू तिथल्या तिथे टोपलीत उतरली. साहेबांनी तक्ता समोर घेतला. उंची कमी भरली, पण त्यांनी 'शिथिलक्षम' असा शेरा मारला. नजर चांगली होती. "गर्दीत आवाज पोचेल का?" त्यांनी विचारलं. काजळी म्हणाली, "घूं." साहेबांनी टिकमार्क केली.

येताना माझ्या खिशात पितळी बिल्ला होता. त्यावर 'वाहक' असं कोरलं होतं आणि खाली नोंदणी क्रमांक. बिल्ल्याची नोंद पाहून नोंदणी कार्यालयाने जोडीचा परवाना मुकाट्याने दिला. कारकून जरा आदराने वागला, असंही मला वाटलं. अण्णांनी बिल्ला हातात घेतला, पुसला, खिळ्याला अडकवला, काढला, दुसऱ्या खिळ्याला अडकवला, आणि विचारलं, "काजळी नोकरीला लागली का?"

"तसं नाही अण्णा."

"मग लाव तिला कुठेतरी. घरात एक तरी कमावतं पाहिजे," असं म्हणून ते बाल्कनीकडे गेले. त्यांचा डावा पाय आता ओढला जात होता. तो आवाज मी छापखान्यातही ऐकत असे.

मधले दिवस कसे गेले ते विचारू नका. काजळीसाठी बायकोने बाल्कनीत खोकं केलं, त्यात जुने कपडे अंथरले. मी येता-जाता खोक्यात पाहत असे, माझ्या मागून अण्णा पाहत, आणि वहिनी टॉवेल घेऊन येत. एका दुपारी छापखान्यात फोन आला. बायको म्हणाली, "तीन. दोन काळी. एकाला गळपट्टा."

मी हातातलं प्रुफ तसंच सोडून घरी आलो. त्या प्रुफात पुढे 'हृदय' हा शब्द सहा ठिकाणी चुकीचा छापला गेला आणि मला लेखी समज मिळाली, पण ते नंतर. खोक्यात काजळीच्या कुशीत मुठीएवढी तीन पिल्लं होती आणि मधल्याच्या गळ्याभोवती पांढरी रेघ, जशी पट्टीने मारावी तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक खरं निघालं होतं. बायकोने टॉवेलांकडे बोट दाखवून वहिनींचंही खरं निघालं असं सुचवलं, आणि तेवढ्या वेळापुरतं मी तेही मान्य केलं.

"आता व्याही आले की झालं," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिली निवड व्याह्यांची. तीन पिल्लांत एक गळपट्ट्याचं. ज्या माणसाने आपल्या दुकानात गळपट्टेवाल्या घुंबरीचा फोटो लावलाय, तो माणूस काय निवडणार? तोंडचं पाणी पळालं. सोसायटीच्या नियमाने एका घरात दोनच घुंबर, त्यामुळे काजळी धरून आमच्याकडे एकच पिल्लू राहणार होतं. वहिनींनी एक आधीच मागून ठेवलं होतं. हिशोब अगदी चोख होता, आणि त्यात अण्णांचा गळपट्टा घड्याळाच्या दुकानात चालला होता.

पिल्लं डोळे उघडून हिंडूफिरू लागली तशी मी झोप सोडली. व्याह्यांना खरं सांगावं तर ते शब्दाला धरतील अशी भीती. शब्द मोडावा तर चारचौघांत तोंड दाखवायची चोरी. शेवटी व्याही येणार त्या सकाळी मी न्हाणीघराच्या फळीवर, रिकाम्या साबणाच्या खोक्यामागे ठेवलेली बाटली आणि ब्रश बाहेर काढला.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. माझे केस काळे आहेत. ते कसे काळे आहेत हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. बाटलीवर 'मिशांसाठीही सुरक्षित' असं लिहिलेलं होतं. मिशीला चालतं ते पिल्लाच्या गळ्याला चालायला हरकत नव्हती. मी दार लावून पिल्लाला मांडीवर घेतलं आणि ब्रशने हळूहळू गळपट्टा काळा करू लागलो. पिल्लू घूं करत राहिलं. त्याला बरं वाटत असावं.

दार ढकलून बायको आत आली. तिने पिल्लू पाहिलं, ब्रश पाहिला.

"कलप?" ती म्हणाली.

"एक मित्र विसरून गेला होता," मी म्हणालो.

"दर महिन्याला विसरतो तो," ती म्हणाली. "आता डाव्या कानामागे राहिलंय तिथे लावा. पिल्लाच्या." मग दारातच थांबून जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "अहो, त्यांना सरळ विचारा ना. माणूस वाईट नाही."

पण विचारणं आमच्या स्वभावात नाही. आम्ही अंदाज बांधतो आणि चालू लागतो.

व्याही आले. उभेच राहिले, कारण सोफ्यावर बसणारे पाहुणे आम्हाला विचित्र वाटतात हे त्यांनी ओळखलं असावं. तिन्ही काळी पिल्लं समोर ठेवली. व्याह्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि एकेक पिल्लू उचलून, केस मागेपुढे करत, घड्याळ उघडून पाहावं तसं पाहिलं. पहिल्याच्या शेपटीच्या टोकाला चार-पाच पांढरे केस होते. ते त्यांनी खाली ठेवलं. दुसऱ्याच्या पोटावर करडी छटा होती, म्हणजे मला तरी कधी दिसली नव्हती. तेही खाली ठेवलं. तिसरं उचललं. बराच वेळ पाहिलं. माझी पाचावर धारण बसली.

"हेच," ते म्हणाले. "स्वच्छ काळं. एक पांढरा केस नाही."

आणि ते गळपट्टा घेऊन गेले. मी जिन्यापर्यंत पोचवायलाही गेलो. संध्याकाळी वहिनी शेपटीत पांढरे केस असलेलं पिल्लू घेऊन गेल्या. "टॉवेल जरा लांब पडले," असं म्हणाल्या. खोक्यात उरलं एक साधं काळं पिल्लू, ज्याला आतापर्यंत कोणी नीट पाहिलंही नव्हतं. अण्णांसमोर जायची मला लाज वाटू लागली. मी घरी उशिरा येऊ लागलो, छापखान्याच्या आवारातच येरझारा घालून.

अशाच एका दिवशी घरी आलो तर घरात काहीतरी बिनसलेलं होतं. कुठे काय ते कळेना. मग लक्षात आलं की पायाचा आवाज नाही. बाल्कनीत गेलो. अण्णा खुर्चीवर बसले होते.

मी घाबरलो. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. "अण्णा, काय होतंय?"

"काय व्हायचंय? बसलोय," अण्णा म्हणाले. "हळू बोल."

त्यांच्या पावलांवर ते साधं काळं पिल्लू झोपलं होतं. आणि अण्णांच्या गळ्यात, जुना, करड्या लोकरीचा, एका टोकाला उसवलेला गळपट्टा होता.

"सापडला बघ," अण्णा म्हणाले. "जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात गेला होता, तिथून सुनबाईने खोक्यात अंथरला. तिला काय माहीत. सगळं घर पालथं घातलं मी. सुभेदार याच्यावर निजायचा. वास येतो अजून." त्यांनी लोकर नाकाशी नेली. "ओढून काढला तर हे लोंबकळत बाहेर आलं. झटकलं तर पायावर बसलं. आता काय करणार?"

मी तिथे उभा राहिलो. गळपट्टा कुठे दिसतच नाही, असं ते म्हणाले होते, त्याचा अर्थ नुसता तेवढाच होता. आयुष्य शब्दांचे अर्थ तपासण्यात घालवलेल्या माणसाने घरातल्या एका शब्दासाठी दोन सरकारी कार्यालयं, एक व्याही आणि एक कलपाची बाटली कामाला लावली होती. मला हसू येत होतं. अण्णांचे सुजलेले पाय पहिल्यांदाच एका जागी होते.

दाराची घंटा वाजली. व्याही होते. त्यांच्या हातात आमचं पिल्लू, आणि पिल्लाच्या गळ्याभोवती, केसांच्या मुळाशी, पांढरी कड स्पष्ट उगवली होती. व्याह्यांनी भिंग लावून एकदा पिल्लाच्या गळ्याकडे पाहिलं आणि मग, तेच भिंग न काढता, माझ्या भांगाकडे. गेले काही दिवस माझंही लक्ष नव्हतं.

"एकाच बाटलीतला दिसतोय," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. म्हणजे भांग आणखी दिसला.

"व्याही, मला वाटलं तुम्ही गळपट्टाच निवडाल. फोटो लावलाय तुम्ही."

"तिची आठवण म्हणून लावलाय. पण तिने माझं दुकान बसवलं होतं जवळजवळ," ते म्हणाले. "काळा केस पांढऱ्या कापडावर दिसतो, चिमट्याने उचलता येतो. पांढरा दिसत नाही. चाकात जातो आणि घड्याळ बंद पडतं. म्हणून मला काळंच पाहिजे होतं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं." त्यांनी पिल्लू पुढे केलं. "हे तुम्ही ठेवा. मला ते दुसरं द्या, काळं."

ज्या गळपट्ट्यासाठी मी एवढी धावपळ केली तो माझ्या हातात परत आला होता, आणि त्याच्या बदल्यात ते पिल्लू द्यायचं होतं. अण्णांनी बाल्कनीतून सगळं ऐकलं होतं. मोजणी खात्यातला माणूस, शब्दाचा पक्का. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. "घेऊन जाऊ दे त्यांना," ते म्हणाले. "ठरलंय ते ठरलंय." आणि उठू लागले.

"अण्णा, बसा," मी म्हणालो.

आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदाच काही दटावून सांगितलं असेल. ते थबकले. माझा आवाज मलाही अनोळखी वाटला. "उठायचं नाही. मी बघतो काय ते."

व्याही बाल्कनीच्या दारात आले. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, पावलांकडे पाहिलं, झोपलेल्या पिल्लाचा घूं ऐकला. मग भिंग काढून खिशात ठेवलं.

"माझ्याकडे थांबलेली वस्तू येते ती चालू करायला," ते म्हणाले. "ही थांबलेली राहू द्या. मी पुढच्या वेळेस नेईन. पण हे पांढरं मात्र मला दुकानात नको."

"आणि आम्हाला तीन ठेवता येणार नाहीत हो," बायको ओट्याजवळून म्हणाली. काजळी पायांवर असल्यामुळे ती येऊ शकत नव्हती. "सोसायटीत दोनच घुंबर चालतात."

मग अण्णांनी, बसल्या जागेवरून, भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे पितळी बिल्ला लटकत होता.

"दोनच आहेत की," अण्णा म्हणाले. "काजळी कुठे पाळीव आहे? ती नोकरीला आहे."

सोसायटीच्या सेक्रेटरींनी बिल्ल्यावरचा क्रमांक तीनदा वाचला आणि तो खोटा आहे असं त्यांना म्हणता आलं नाही. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी व्याही चहाला थांबले. मी बाल्कनीत इकडून तिकडे फिरत त्यांना चिठ्ठ्यांचं शास्त्र समजावून सांगत होतो, पुढच्या वेळी स्वच्छ काळं पिल्लू कसं आणता येईल ते.

"अरे, बस जरा," अण्णा म्हणाले. "डोळ्यांना त्रास होतो."

मी बसलो. गळपट्टेवालं पिल्लू इकडेतिकडे हुंगत आलं, माझ्या डाव्या पावलावर चढलं, मग उजव्याही, दोनदा गोल फिरलं आणि झोपलं. त्याचं वजन कसं असतं ते मला तोवर माहीत नव्हतं.

"चहा झालाय," स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली. "मला येता येत नाही. कोणीतरी येऊन घेऊन जा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या घराण्यात असं प्रथमच होत होतं, की दोघांपैकी कोणीच उठलं नाही. शेवटी चहा व्याह्यांनी आणला.